काडीच्या माणसांचा संसार

नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी अकरानंतर घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की कूलरमध्ये पाणी भरायचं, वाळ्याची ताटी ओली करायची, पडदे ओढायचे आणि पोरांना आत डांबायचं. पत्ते होतात, कॅरम होतो, भांडणं होतात. मग केव्हातरी आतल्या खोलीतून खिदळण्याचा आवाज येतो. आपण कौतुकाने दार लोटावं तर मोबाइल पालथा पडतो आणि उत्तर मिळतं, "काही नाही गं!" अशा वेळी आईच्या मनात काय काय येऊन जातं, तेही सांगायला नको.

आमच्याकडच्या या "काही नाही"च्या मागे निघाली एक चित्रकथा. माझा नववीतला मुलगा आणि त्याचा आतेभाऊ ती वाचून हसत होते. चित्रं म्हणाल तर पहिलीतल्या मुलाने पाटीवर काढावीत तशी. गोल डोकं, काडीचे हात, काडीचे पाय. नाव 'द ऑर्डर ऑफ द स्टिक'. आपण फार तर काडी-मंडळ म्हणू. (काड्या करणारं मंडळ म्हटलं तरी चालेल, त्यातली निम्मी माणसं तोच उद्योग करतात.) रिच बर्लू नावाच्या अमेरिकन माणसाने ती २००३ साली इंटरनेटवर सुरू केली. वीस वर्षांहून जास्त काळ ती चालत आली आहे आणि तेराशेच्या वर भाग झाले आहेत. वाचायला पैसे पडत नाहीत. मी शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते, तेव्हा "भाषा तरी कशी आहे बघू" म्हणून हातात घेतली. भाषा बघता बघता संध्याकाळचे दिवे लागले आणि कुकर लावायचा राहिला होता.

ही गोष्ट कळायला आधी एक खेळ समजून घ्यावा लागतो, कारण सगळी गंमत त्या खेळावर उभी आहे. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तळघरं आणि आग ओकणारे प्रचंड सर्प, असा त्याचा अर्थ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. त्याआधी तिथली हौशी मंडळी टेबलावर खेळण्यातले सैनिक मांडून लढाया खेळत. या दोघांनी असं केलं, की प्रत्येक खेळाडूकडे अख्खं सैन्य न देता एकच माणूस द्यायचा. तो माणूस म्हणजे तूच. तूच त्याच्या तोंडाने बोलायचं.

अगदी आपल्या भातुकलीसारखं की नाही? "तू आई हो, मी पाहुणी होते, आता दार वाजलं असं समज." फक्त इथे स्वयंपाकघराच्या जागी पडका किल्ला असतो आणि पाहुण्याच्या जागी राक्षस. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगणारा. तो म्हणतो, "तुमच्यासमोर लोखंडी दार आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय. काय कराल?" कोणी म्हणतो कुलूप फोडतो, कोणी म्हणते खिडकीतून डोकावते. मग फासा टाकायचा. हा फासा वीस बाजूंचा असतो. आपल्या सारीपाटाच्या लांबट चौकोनी फाशांची सवय असलेल्यांना तो लिमलेटच्या मोठ्या गोळीसारखा दिसतो. आकडा मोठा आला तर कुलूप फुटलं, लहान आला तर राक्षस जागा झाला. प्रत्येकाजवळ एक कागद असतो. आपल्या माणसात ताकद किती, चपळाई किती, बुद्धी किती, शहाणपण किती, ते त्यावर आकड्यांत लिहिलेलं. बुद्धी आणि शहाणपण या दोन गोष्टी त्या खेळात वेगळ्या मोजतात, हे मला फार आवडलं. आपल्याला हा फरक लग्नानंतर पहिल्या वर्षातच कळतो!

भंडारा-नागपूरकडच्या खेड्यांतून खडी गंमत होते, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच उमगेल. गोष्टीचा सांगाडा सगळ्यांना ठाऊक असतो, पण सोंगाड्या आयत्या वेळी काय बोलेल ते कोणालाच ठाऊक नसतं. या खेळाचंही तसंच, फक्त बघणारे आणि करणारे एकच.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण शेजारणींकडून ती तुमच्या कानावर येण्याचा संभव आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठं काहूर उठलं होतं. मुलं भुताखेतांच्या नादी लागतात, जिवाचं बरंवाईट करून घेतात, असं बोललं गेलं. १९८३ साली, मुलगा गमावलेल्या एका आईने तर खेळाविरुद्ध संघटनाच काढली. त्या बाईंच्या दुःखापुढे आपण काय बोलणार? पण पुढे अभ्यासकांनी तपासून पाहिलं तेव्हा खेळाचा आणि अशा घटनांचा संबंध सापडला नाही. आज तो खेळ अमेरिकेत ग्रंथालयांतून आणि शाळांतूनसुद्धा खेळतात.

रिच बर्लू त्याच खेळात वाढलेला. २००२ साली या खेळाच्या कंपनीने नवं काल्पनिक जग सुचवण्याची स्पर्धा ठेवली होती. अकरा हजारांच्या आसपास लोकांनी आपापली जगं पाठवली. बर्लू शेवटच्या तिघांत पोचला आणि तिथे हरला. दुसऱ्याच वर्षी त्याने आपली काडीची माणसं काढली. पहिल्याच भागातला विनोद असा, की लढाई ऐन रंगात आलेली असताना खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती निघते आणि लढणाऱ्यांच्या अंगात बदल होऊ लागतात! ही माणसं खेळाच्या नियमांनी बांधलेली आहेत आणि ते त्यांना स्वतःला ठाऊकही आहे. आपण एका गोष्टीत आहोत, हे त्यांना कळतं. कोणी फार वेळ गंभीर बोलू लागलं तर दुसरा कंटाळून तसं म्हणतो.

सुरुवातीचे शंभर-सव्वाशे भाग असे नुसते हसण्याचे आहेत. नियमांवरचे काही विनोद आपल्या डोक्यावरून जातात, जाऊ द्यावेत. मुलाला विचारलं तर तो मोठ्या उत्साहाने समजावून सांगतो. (हा फायदा लहान समजू नका.) पुढे मात्र गोष्ट पालटते. या सहा काडीच्या माणसांना आईबाप आहेत, रुसलेले आहेत, वारलेले आहेत, तुरुंगात आहेत. इथून मी खरी वाचायला लागले.

रॉय ग्रीनहिल्ट हा त्यांचा पुढारी. तलवार चालवणारा, आणि डोक्यानेही हुशार. त्याचे वडील मोठे जादूगार, आणि मुलाने जादूच शिकावी ही त्यांची इच्छा. मुलाने आजोबांची तलवार हातात घेतली, हे वडिलांना मेल्यावरसुद्धा सहन होत नाही. भूत होऊन येतात आणि टोमणे मारतात! बरं, तरुणपणी या वडिलांनीच झायकॉन नावाच्या दुष्ट जादूगाराला मारण्याची शपथ घेतलेली असते. मग लग्न झालं, मुलं झाली, शपथ राहून गेली. ती पुरी झाल्याशिवाय त्यांना स्वर्गाचं दार उघडत नाही, म्हणून ती आता मुलाच्या गळ्यात. स्वतःचं राहिलेलं मुलाने करावं, आणि करताना आपल्याच पद्धतीने करावं. दहावीचा निकाल लागला की आपल्या किती घरांतून हेच ऐकू येतं! "मला मेडिकलला जाता आलं नाही, निदान तू तरी." आमच्या घरीही गणित की चित्रकला हा वाद गेलं वर्षभर चालू आहे. रॉयच्या वडिलांचा एक भाग मुलाने मला दाखवला आणि हळूच विचारलं, "बाबांना वाचायला देऊ?" मी म्हटलं, दे. ह्यांनी तो वाचला, चश्मा पुसला, आणि "तलवार वाईट नाही" एवढंच म्हणाले. वाद मिटलेला नाही, पण त्या दिवसापासून आवाज खाली आलेत.

पुढे हा रॉय लढाईत मरतो. स्वर्गाच्या दारात त्याच्या आयुष्याचा हिशेब होतो. चुका काढल्या जातात, अगदी बारीकसारीकही. संकटात सापडलेल्या मित्राला तो एकदा टाकून जाणार होता, तेही निघतं. पण तो सुधारायची धडपड करत राहिला, हे शेवटी धरलं जातं. आत त्याला आई भेटते, ती तिच्या आवडत्या वयात, म्हणजे ऐन तारुण्यात! आणि लहानपणीच गेलेला धाकटा भाऊ भेटतो, तो मात्र तेवढाच लहान. डोक्याने चेंडू आणि अंगाने काडी अशा चित्रातल्या भावांची भेट पाहून मला पदर डोळ्यांना लावावा लागला.

हेली ही टोळीतली चोर. पैशांची हावरी म्हणून सगळे तिला हसतात. ती पैसे जमवते ते एका जुलमी राजवटीच्या कैदेत असलेल्या बापाला सोडवायला. हे तिने कोणाला सांगितलेलं नसतं. एलान नावाचा एक बावळट गवई तिच्या मनात भरलेला असतो, तेही सांगितलेलं नसतं. एकदा जमवलेला सगळा ऐवज नष्ट होतो आणि त्या धक्क्याने तिची वाचाच जाते. म्हणजे ती बोलते, पण अक्षरांची अदलाबदल होऊन, कोणाला काही कळत नाही. वाचकांनी म्हणे कागद-पेन्सिल घेऊन ती कोडी सोडवली. शंभराच्या वर भाग ती अशीच बोलते, आणि मनातलं एकदाचं बोलून टाकते तेव्हाच तिची जीभ मोकळी होते. पैसे सांभाळणारी आणि मनातलं गिळणारी बाई सातासमुद्रापलीकडेही असते तर!

एलानची कथा जुन्या हिंदी सिनेमासारखी. जुळे भाऊ, एक भला, एक दुष्ट. आईबाप वेगळे झाले तेव्हा एकेकाने एकेक मुलगा वाटून घेतला. बाप टार्क्विन हा हुकूमशहा निघतो. बोलायला गोड, मुलगा भेटला म्हणून आनंदाने वेडा होतो, आणि त्याच्या स्वागताला काय करतो? पळून जाताना पकडलेल्या गुलामांना रात्रीच्या अंधारात जिवंत जाळून त्यांच्या ज्वाळांनी मुलाचं नाव लिहितो. हेलीचा बापही याच्याच कैदेत. या टार्क्विनला गोष्टींचे नियम पाठ आहेत. एक दिवस मुलगा आपल्याला मारील, पण तोवर राजवैभव आणि नंतर अजरामर कीर्ती, हा सौदा त्याला चालतो. शेवटी एलान त्याला मारतच नाही. ही तुमची गोष्ट नाही, असं ठरवून त्याला वाळवंटात टाकून पुढे निघून जातो. ज्याला प्रत्येक प्रसंगाच्या मध्यभागी उभं राहायचं असतं, त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याला पाठ दाखवणं त्याला जास्त लागतं. बावळट म्हणवणाऱ्या मुलाने ते ओळखलं.

आता वार्सूवियस. ही व्यक्ती जादू जाणणारी, जडजंबाल भाषेत बोलणारी, आणि पुरुष की बाई ते लेखकाने आजवर सांगितलेलं नाही. घरी जोडीदार आहे, तोही (किंवा तीही!) तसाच, बेकरीचा व्यवसाय असलेला. दोन दत्तक मुलं आहेत. इंग्रजीत हे निभावतं. मराठीत आणायचं तर काय कराल? "मी आलो" म्हटलं की पुरुष, "मी आले" म्हटलं की बाई. आमच्या नागपुरात बायका "मी आली" म्हणतात, पण त्याने काही सुटत नाही. मी आठवीच्या मुलांना हे कोडं घातलं. एका मुलीने मार्ग काढला. ती म्हणाली, बाई, "मी पोळी खाल्ली" दोघेही म्हणतात, "मला झोप आली" दोघेही म्हणतात, "मी येईन" हेही दोघांचं. येणंजाणं, उठणंबसणं भूतकाळात सांगायचं नाही. व्याकरणाचा तास इतका रंगलेला मी क्वचितच पाहिला.

पण वार्सूवियसची कथा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. विद्येच्या ओढीने घर सोडून ही व्यक्ती वर्षानुवर्षं बाहेर. मुलांवर संकट येतं तेव्हा ती पिशाच्चांशी करार करून अफाट शक्ती मिळवते, शत्रूला मारते आणि त्या शत्रूचं रक्ताचं नातं असलेल्या सगळ्यांना एका मंत्रात मारून टाकते. पुढे कळतं, की त्यात काही पाप न केलेले कितीतरी जीव गेले. घरी जोडीदार विनवतो, आता पुरे, ही शक्ती टाक, घरी थांब. उत्तर येतं, अजून एक काम राहिलंय. ते "एक काम" आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. कोणाच्या घरी ते ऑफिसचं असतं, कोणाच्या घरी पक्षाचं. जोडीदार शेवटी घटस्फोटाचे कागद पाठवतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा फाटे न फोडता वार्सूवियस सही करते. की करतो? माझ्या एका मैत्रिणीला ते घर सोडणारं माणूस पुरुषच वाटलं. मला बाई वाटत होती. आम्ही दोघी यावर तासभर भांडलो, आणि लेखकाने न सांगण्यात काय साधलंय ते तिथे कळलं.

डर्कन हा बुटका पुजारी, खेडवळ उच्चारात बोलणारा. मराठीत आला तर त्याच्या तोंडी खुशाल झाडीबोली घालावी. त्याची आई एका हाताने अधू, सैनिकाची विधवा. एकदा तिच्या हाती मोठा ऐवज येतो. त्यातून स्वतःचा हात परत मिळवता आला असता, बरं घर बांधता आलं असतं. नवऱ्याला परत आणणं तिच्या आवाक्याबाहेरचं असतं. ती त्या पैशांतून पाच अनोळखी मेलेल्या माणसांना जिवंत करून घेते. ते पाच पुढे डर्कनचे काका-मावशा होतात. एवढंच सांगते, ही आठवण पुढे गोष्टीत कुठे उपयोगी पडते ते तुम्हीच वाचा.

सहावा बेलकर, अंगठ्याएवढा आणि महादुष्ट, पण एका मांजरावर जीव टाकणारा. मुलांना तोच सगळ्यांत आवडतो. माझं मत विचाराल तर त्याचे सुरुवातीचे खूनबाजीचे विनोद जरा जास्तच झालेत.

आणि खलनायकांतला रेडक्लोक. हा गॉब्लिन जमातीचा पुजारी. मूळ खेळात गॉब्लिन असतात ते मारण्यासाठी. नवशिक्या वीराने चार गॉब्लिन मारले की त्याचे गुण वाढतात. बर्लूने विचारलं, त्या गॉब्लिनांच्या बाजूने पाहिलं तर? देवांनी आपल्याला दुसऱ्यांच्या हातून मरायलाच जन्माला घातलं, हे ज्याला कळलं तो काय करील? २००७ साली फक्त पुस्तकात आलेल्या पूर्वकथेत हे सगळं आहे. रेडक्लोकचे अपराध लेखक माफ करत नाही, पण त्याचा प्रश्न खोटा आहे असंही कोणी दाखवू शकलेलं नाही. मुलं या प्रश्नावर जितकं बोलतात तितकं नागरिकशास्त्राच्या धड्यावर बोलत नाहीत.

या लेखकाचा धंदा कसा चालतो, हीही उत्सुकता असेल. भाग फुकट, पुस्तकं विकत. २०१२ साली संपलेलं पुस्तक पुन्हा छापायला त्याने वाचकांकडे ५७,७५० डॉलर मागितले. वाचकांनी साडेबारा लाखांच्या वर दिले. त्याच वर्षी हाताला इजा होऊन काही महिने चित्रं बंद पडली, तरी लोक थांबले. दुसरा भाग केव्हा येईल याचा नेम नसतो, हे आधीच समजून असावं. आपण मासिकातली क्रमशः कादंबरी वाचलेली माणसं, आपल्याला वाट पाहायची सवय आहे.

मुलांचं वय विचाराल, तर तेरा-चौदाच्या आत मी देणार नाही. मारामारी आहे, थोडा चावटपणा आहे. पहिल्या भागापासूनच वाचावं, मधून वाचून काही कळत नाही.

आणि खेळायचं असेल तर वीस बाजूंचा फासा आणायला सीताबर्डीला जायची गरज नाही. ल्यूडोचे दोन फासे, पाठकोरे कागद, पेन्सिली, चार मुलं, आणि गोष्ट सांगायला तुम्ही. प्रत्येकाने आपलं पात्र ठरवावं आणि त्याला एक गोष्ट चांगली येते असं लिहावं. काही अवघड करायचं झालं की दोन्ही फासे टाकायचे. बेरीज आठ किंवा वर आली तर जमलं. जे चांगलं येतं त्यात दोन वाढवून धरायचे. बाकी नियम लागतील तसे करावेत.

आमच्याकडे मे महिन्यात खेळ मांडला होता. गोष्ट रामटेकच्या गडावरच्या एका विहिरीची, खाली खजिना, वर राक्षस. मुलांनी तीनदा तलवारी काढल्या, तिन्ही वेळा फासे पडले नाहीत. शेजारची एक मुलगी, वर्गात नाव विचारलं तरी मान खाली घालणारी, एवढा वेळ गप्प बसली होती. तिच्या पात्राला येत होता तो फक्त स्वयंपाक, म्हणून मुलं हसली होती. ती म्हणाली, "राक्षस जेवला आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग मी त्याला सावजी रस्सा वाढते." फासे टाकले, नऊ आले, अधिक दोन. राक्षस पहिल्या घासालाच उठला आणि पाणी पाणी करत अंबाळ्याच्या तळ्याकडे धावत सुटला. खजिन्याची वाटणी तिने केली, आणि तलवारवाल्यांना सगळ्यांत कमी दिलं.